शिरोलीच्या रस्त्यावरची लेडीज सायकल

शिरोलीच्या पुलावरून गाडीतून जाताना मी मुद्दाम काच खाली करते. मुलगा करवादतो, "आई, धूळ येतीय." येऊ दे की! त्या पुलावरच्या वाऱ्याशी मी सत्तरच्या दशकात रोज सकाळी भांडलेय. सायकलवर बसल्याशिवाय तो वारा कळत नाही, आणि मोटारीत बसणाऱ्यांना तर काहीच कळत नाही.

माझं माहेर शाहूपुरीत, सासर शिवाजी पेठेत. लग्नाआधीच मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले होते. बसचा काही भरवसा नव्हता; ती आलीच तर हायवेवर सोडायची आणि पुढं पायपीट. म्हणजे सायकल होती म्हणून नोकरी होती. बघायला आले तेव्हा वडिलांनी हे सरळ सांगून टाकलं. सासरे मास्तर होते, पेठेत त्यांच्या शब्दाला मान होता. ते म्हणाले, "करू दे की नोकरी. पण पेठेत चर्चा झाली, तर त्या दिवसापासनं सायकल बंद." मी मान हलवली. लग्न ठरताना मुली जे करायच्या तेच केलं.

तेव्हा कोल्हापुरात कॉलेजच्या पोरी सायकल चालवायच्या, त्यात नवल नव्हतं. पण गळ्यात मंगळसूत्र, पदर खोचलेला, कॅरियरला डबा अडकवून कारखान्याला निघालेली सून म्हणजे आमच्या गल्लीचा रोजचा तमाशा. दारादारांत बायका उभ्या. "निघाली बघ साहेबीण!" असं मला ऐकू जाईल एवढ्या बेतानं म्हणायच्या. गल्लीत म्हशी आडव्या. कोल्हापूरची म्हैस घंटीला दाद देत नाही, तिला "हल गं बाई" असं तोंडानंच सांगावं लागतं. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून रोज एकच वाक्य म्हणायच्या, "पडू नकोस म्हणजे झालं." ती काळजी होती का टोमणा, ते मला कधी समजलं नाही.

शहराच्या टोकाचा कावळा नाका ओलांडला की मात्र जीव मोकळा व्हायचा. तिथून पुढं सगळा रस्ता कामगारांच्या सायकलींचा. खाकी पँटी, हँडलला डबे, तोंडानं अखंड बडबड. कुणाची म्हैस व्याली, कुठल्या तालमीनं फुटबॉलची मॅच मारली, कुणाच्या घरी मटण होतं, सगळं पुलापर्यंत कळायचं. मी सायकल पुढं काढली की मागून ओरडायचे, "बाई, जरा दमानं! आमची इज्जत ऱ्हाऊ द्या!" मीही मागं बघून म्हणायची, "असेल तर सांभाळा की!" घरात मी वर मान करून बोलत नसे. रस्त्यावर माझी जीभ अशी चालायची की माझंच मला नवल वाटायचं. खरं सांगते, ऑफिसपेक्षा मला तो रस्ताच आवडायचा.

थंडीत गुऱ्हाळं सुरू झाली की त्या रस्त्याला गुळाचा वास यायचा आणि उसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची. मग एक उद्योग ठरलेला. चालत्या सायकलवरून गाडीच्या मागं जायचं, एक ऊस धरायचा आणि खस्सकन ओढायचा. गाडीवान मागं बघून आयमाय उद्धारायचा, ही मंडळी हसत पुढं. यात पटाईत होता आमच्या फौंड्रीतला एक मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे घालणारा. चाळिशीचा गडी, राहायला टेंबलाईच्या टेकडीकडं. एक ऊस ओढायचा आणि कांडी करून सगळ्यांना वाटायचा. मलाही मिळायची.

एका संध्याकाळी सुटून परत येताना त्यानं असाच ऊस ओढला आणि एकाच्या जागी सगळी मोळीच घसरली. नेमकी माझ्या चाकापुढं. मी उसावरून अशी गेले की सायकल एकीकडं, मी एकीकडं. कोपर सोललं, गुडघा ठेचला, साडी मांडीपासून खाली टरकली. त्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, माझ्यामुळं झालं, माझ्यामुळं झालं," एवढंच म्हणत राहिला. मला पायडल मारता येईना. मग त्यानं मला आपल्या कॅरियरवर बसवलं, एका हातानं स्वतःचं हँडल, दुसऱ्या हातानं माझ्या सायकलचं, आणि निघाला. त्याचं घर अलीकडं राहिलं, तरी मला पोहोचवायला तो थेट पेठेत आला.

गल्लीच्या तोंडाशी उतरले आणि मला रडू फुटलं. गुडघा ठणकत होता, आणि आता घरात काय होणार ते दिसत होतं. पण तालमीच्या कट्ट्यावर बसलेल्यांना काय दिसलं? पेठेतली सून, साडी फाटलेली, रक्त आलेलं, रडतीय. आणि शेजारी काजळीनं काळा झालेला परका गडी. झालं! "कोण हाय रं ह्यो? वैनीला पाडलं ह्यानं!" म्हणेपर्यंत त्याच्या कानाखाली बसलीसुद्धा. मग दुसरी, मग पाठीत. मी बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "अहो, सोडा त्यांना! त्यांनीच मला आणलंय!" पण आमच्या पेठेत आधी हात चालतो आणि कान नंतर उघडतात. आश्चर्य म्हणजे त्या माणसानं हात उचलला नाही. नुसता उभा राहून मार खात होता.

शेवटी तालमीचे वस्ताद धावत आले. त्यांनी एकेकाला मानगुटीला धरून बाजूला केलं आणि मला विचारलं. मी सांगितलं, "गाडीतला ऊस घसरला, मी पडले. हे बिचारे मला घरी सोडायला आले." मुद्दामच एवढं सांगितलं. तर हा फुटक्या ओठानं म्हणतो, "ऊस मीच वडला हुता. चूक माझी बी हाय."

सगळ्यांच्या माना खाली. मग जे सुरू झालं ते कोल्हापुरातच होऊ जाणे. जे हात मारत होते, त्याच हातांनी त्याला कट्ट्यावर बसवलं, पाण्यानं तोंड धुतलं. एकानं म्हशीची धार काढून फेसाळलेलं दूध आणलं. तो नको म्हणतोय, तर "न्हाय म्हणायचं न्हाय, पावणं!" म्हणून दुसरा तांब्या. दूधही दमदाटीनंच पाजलं बिचाऱ्याला.

तोवर नवऱ्यानं मला घरात नेलं होतं. सासूबाई गुडघ्याला हळद लावत होत्या. सासरे दारात उभे राहिले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. "झाली चर्चा. आता सायकल बंद, नोकरी बंद." नवरा खाली बघून मला म्हणाला, "राजीनामा लिहून दे. मी नेऊन देतो." उद्या सकाळी पूल नाही, वारा नाही, दिवसभर ही चार भिंतींची खोली, एवढंच डोळ्यांपुढं येत होतं. तरी तोंडातून शब्द फुटेना.

बाहेर वस्ताद त्या मोल्डरला म्हणत होते, "पावणं, आमच्या पोरांनी घाण केली. आता तुम्ही काय बी मागा. पेठंचा शब्द हाय."

आमचं घर कट्ट्याला लागूनच. आत सगळं ऐकू येत होतं. त्यानं बाहीनं तोंड पुसलं. मग म्हणाला, "आमची बाई उद्या कामावर आली पायजे."

"आन तुमाला सोताला?"

"ह्येच की मला सोताला. माझी पोरगी सातवीत हाय. पुढची शाळा लांब हाय, तिला सायकल शिकीवतोय. गावातली समदी नावं ठेवत्यात. मी म्हणतो, आमच्या हापिसातली बाई बघा, पेठेतली सून असून सायकलीवनं येती. आता हीच घरात बसली, तर मी पोरीला काय सांगू?"

वस्ताद सासऱ्यांकडं वळले. "मास्तर, मी शब्द दिलाय."

"शब्द तुमचा, वस्ताद. घर माझं हाय," सासरे म्हणाले. त्यांचंही काही चुकत नव्हतं. कोण मागं हटणार, एवढंच सगळे बघत होते. माझी सायकल, माझी नोकरी, आणि बोलत होते ते सगळे दुसरेच.

तेवढ्यात सासूबाईंनी हळदीचा हात माझ्या दंडावर दाबला आणि कानाशी येऊन खेकसल्या, "तोंड न्हाय व्हय तुला? तुझ्यापायी त्यो गडी एवढा मार खाऊन भाईर बसलाय, आन तू हितं मुसमुसतीस! जा, जाऊन सांग की काय ते!"

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. मग उठले. लंगडत, भिंत धरत दारापर्यंत गेले. सासरे बाजूला झाले नाहीत, म्हणून त्यांच्या शेजारीच उभी राहिले. समोर सगळी गल्ली. कट्ट्यावर तो, गाल सुजलेला, हातात दुधाचा तांब्या.

"उद्या येणार मी," मी म्हणाले. आवाज बारीक निघाला असं वाटलं, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "गुडघा कसाही असू दे. मी कामावर येणार."

सासऱ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांच्यासमोर मी एवढं कधी बोलले नव्हते. मग त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि आत जाता जाता म्हणाले, "मग जेवून झोप जा लवकर. सकाळी उठाय लागतंय."