मीनाबाईंची स्टँडर्ड चटणी

मीनाबाई कांबळे बोलायला लागल्या की मध्ये थांबायच्या नाहीत. थांबल्याच, तर समोरच्याने समजावं की त्यांचं काहीतरी ठरलं.

आमच्या गारगोटीत बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. नवरा भाऊसो बिद्रीच्या साखर कारखान्यात हंगामी कामाला. अठ्ठ्याण्णव साली मीनाबाईंनी तिघी जणींना सोबत घेतलं आणि कांदा-लसणाच्या चटणीचा धंदा काढला. प्रत्येकीने आपापल्या घरी मसाला भाजायचा, डंकावर कुटून आणायचा, मीनाबाईंनी तो पाकिटात भरून विकायचा. बाजारात माल खपायला लागला तशा त्या थेट कोल्हापूरला, राजारामपुरीत गेल्या. तिथं अनेकांत मगदूम या तरुणाचं किराणा दुकान होतं. त्याने एक पाकीट फोडून चव घेतली, मग दुसरं फोडलं.

"मावशी, चटणी झकास आहे. फक्त माल स्टँडर्ड करा, म्हणजे मी कायम घेतो."

"करतो की," मीनाबाई म्हणाल्या.

आता आमच्याकडे स्टँडर्ड म्हणजे भारी. कडक इस्त्रीतला माणूस स्टँडर्ड, फरशी घातलेलं हॉटेल स्टँडर्ड, पोरगी इंग्लिश शाळेत घातली की ते घरही स्टँडर्ड. चौघींनी मग चटणीत खोबरं वाढवलं, खसखस घातली, सोनेरी अक्षरांचे खोके छापून घेतले. ते घेऊन मीनाबाई पुन्हा दुकानात हजर.

अनेकांतने खोका उलटासुलटा करून बघितला. दोन पाकिटांतली चटणी जिभेवर ठेवली. "हे जाळतंय आणि हे गोड लागतंय. मावशी, मी स्टँडर्ड म्हणालो ते खोक्यासाठी नव्हे. हे पाकीट आणि ते पाकीट एकच लागलं पाहिजे. गिऱ्हाईक जे एकदा नेतं, तेच परत मागतं."

"मग सारखं करा म्हणायचं की सरळ," मीनाबाई म्हणाल्या. "रोपाचा वाफा सारखा करतोय, पोरांच्या ताटात भाकरी सारखी वाटतोय. चटणी सारखी करायला काय झालंय?"

"चुकलं माझं," अनेकांत हसत म्हणाला.

परतीच्या एसटीत मात्र त्यांच्या ध्यानात आलं, की चार चुली असताना चव एक होणार नाही. भाजायला सगळ्यांनी एकत्रच बसायला हवं. त्यांच्या घरामागे भाऊसोंनी घातलेली पत्र्याची शेड होती. जागा तीच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिघींना सांगितलं. दोघी तयार झाल्या. तिसऱ्या बनाबाई, वयाने मोठ्या, पाटील गल्लीतल्या. कांदा तळावा तर त्यांनीच. त्या म्हणाल्या, "मला तिकडं लांब पडतंय, मीना. मी आपली घरीच भाजून देतो."

दोन्ही घरांच्या मध्ये फक्त बाजाराचा रस्ता होता. बनाबाई इतके दिवस चटणीचा डबा मीनाबाईंच्या उंबऱ्यावर ठेवून जायच्या. पाणी विचारलं तर म्हणायच्या, आत्ताच प्यालोय.

मीनाबाई थांबल्या. मग म्हणाल्या, "बनाबाई, लांब म्हणू नका. रस्ता वलांडला की माझं दार. तुमची चटणी आणि माझी चटणी एका पाकिटात जाती, तवा कुणी घर विचारत न्हाय. यायचं नसंल तर नका येऊ. पर खरं कारण सांगा."

बनाबाई निघून गेल्या.

"लई तोडून बोललीस," दोघींपैकी एक म्हणाली. "तिच्यासारखा हात आपल्यात कुणाचा न्हाय."

"हात पायजेच की. पर माणूस भाईर ठिवून नुसता हात मला नको."

शेडमध्ये काम सुरू झालं. पहिल्या घाण्याचा कांदा करपला, दुसऱ्याचा कच्चा राहिला. मीनाबाईंनी दोन्ही फेकून दिले, पण बनाबाईंकडे निरोप धाडला नाही.

आठवड्याने बनाबाई आपणहून आल्या आणि शेडच्या दारात उभ्या राहिल्या. "खरं कारण सांगायला आलोय. सासूनं बजावलं हुतं, त्या गल्लीत पाऊल टाकायचं न्हाय. सासू जाऊन किती वर्सं झाली. मी अजून तिचंच ऐकत बसलोय."

मीनाबाईंनी पाट पुढे सरकवला. चहा केला. बनाबाईंनी तो प्याला, आणि कारखान्याच्या माणसाच्या घरी साखर इतकी कमी कशी म्हणून विचारलं.

पुढे कांदा बनाबाईंच्या हातचा, मिरचीचं माप मीनाबाईंचं, असं ठरलं. त्यावरही वाद झाले, पण ते चुलीपाशी बसून. अनेकांतच्या दुकानात माल कायमचा लागला. मग नेसरीहून, गडहिंग्लजहूनही मागणी आली.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात, ऐन चटणीच्या दिवसांत, मीनाबाईंना टायफॉइड झाला. बनाबाई सकाळीच आल्या, भाऊसोंकडून शेडची किल्ली घेतली आणि दोघींना हाताशी धरून सगळा माल काढला. खाटेवर पडल्या पडल्या मीनाबाईंना तळणीचा वास आला.

"बनाबाई, कांदा जरा जास्त हुतोय."

"ताप तुला हाय, मला न्हाय," शेडमधून उत्तर आलं. "झोप गुमान."

मीनाबाई कुशीवर वळल्या आणि खरंच झोपल्या.