माशांसाठी पाणी सोडणेबाबत

सरकारी नोकरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. तुम्ही नुसते खुर्चीत बसा, ते आपले येऊन साठतात! माझ्याकडचे बहुतेक एकाच बंधाऱ्यावरचे. मित्रमंडळी जमली की फर्माईश होते, "अरे, तो तुझा माशांचा अर्ज सांग!" मी सांगतो. सगळे हसतात, मीही हसतो. घरी येताना मात्र तोंड कडू झालेलं असतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कराडच्या खाली, सांगलीकडे जाताना कृष्णेवर एक बंधारा होता, त्याचा मी शाखा अभियंता. मूळचा वाईचा, त्यामुळे कृष्णा आपल्याला कळते असा माझा समज! पावसाळा सरला की बंधाऱ्याच्या गाळ्यांत लोखंडी फळ्या बसवायच्या. त्यांना बरगे म्हणतात. बरगे बसले की वर पाणी तुंबतं आणि उसाच्या मोटारी सुरू होतात. खाली नदी थांबते.

बंधाऱ्याखाली एक डोह होता आणि त्या डोहावर दगडूतात्या भोयाचं पोट होतं. मरळ, वाम, शिंगटा, जे काही नदीचं स्वतःचं म्हणून उरलं होतं ते उन्हाळ्यात त्या डोहात जीव धरून असायचं. तात्याचं मागणं एकच होतं. उन्हाळाभर खाली थोडं वाहतं पाणी सोडा, म्हणजे मासा जगेल. बाकी त्याला आमच्याकडून काही नको होतं.

*

आधी तो अर्जच सांगतो.

कराडला आमचे मोठे साहेब बसायचे. माणूस वाईट नव्हता, पण कागदाबाहेरचं त्यांना दिसत नसे. तात्याचं म्हणणं मी त्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "पाणी पाहिजे? मग सात नंबरचा फॉर्म भरायला सांगा. सगळे भरतात!"

तात्याला समोर बसवून मी फॉर्म भरायला घेतला.

"पिकाचं नाव?"

"लिवा, मासं."

"क्षेत्र?"

"डोहायेवडं."

"पेरणीची तारीख?"

तात्यानं बराच विचार केला. "ती देवाला इचारा. आमी नुसतं काडतो."

मी तसंच लिहिलं, गंमत म्हणून नव्हे, खरोखर लिहिलं. पंधरा दिवसांनी फॉर्म परत आला. खाली लाल शाईत शेरा होता : "सदर पीक मंजूर नाही. ऊस असल्यास पुन्हा अर्ज करावा."

*

दुसरा किस्सा माझ्याच अकलेचा आहे.

एका वर्षी वरून पत्र आलं, नदीत किमान पाणी राखा आणि रोज रिपोर्ट पाठवा. मला आनंद झाला. म्हटलं, आता तात्याचं काम झालं! रोज सकाळी जीपनं जायचो, भिंतीवरची मोजपट्टी बघायचो आणि आकडा कळवायचो. शेजारी लिहायचो, "पाणी समाधानकारक." असं दोन महिने चाललं.

एके दिवशी तात्यानं माझा हातच धरला आणि खाली डोहाकडे नेलं. मधली नदी कोरडी ठणठणीत. गाळाला भेगा पडलेल्या, आणि त्या भेगांत कावळे चोची घालत होते.

"सायेब, तुमची पट्टी कुटं हाय?"

पट्टी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला होती, तुंबलेल्या पाण्यात. तिथे का? तर तिथपर्यंत जीप जाते म्हणून! नदी मेली तरी ती पट्टी भरलेलीच दिसणार. हे इंजिनिअरच्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही.

तात्या म्हणाला, "रांजनात बघून तुमी आमचा तांब्या भरलेला लिवताय!"

पट्टी खाली हलवायची परवानगी मी लगेच मागितली. उत्तर आलं, "जागा बदलल्यास रिपोर्टमध्ये एकदम घट दिसेल. सबब हलवू नये."

*

आता गंगारामचं ऐका. गंगाराम आमचा चौकीदार, कुंडलचा. कामाला चोख, बोलायला तुसडा. पण तात्यावर त्याची माया. उन्हाळा लागला की तो मधल्या गाळ्यातला एक बरगा चार बोटं उचलून ठेवायचा. त्या फटीतून डोहात धार पडायची. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. दोन उन्हाळे मासा त्या चार बोटांवर जगला.

तिसऱ्या उन्हाळ्यात मोठे साहेब इन्स्पेक्शनला आले आणि त्यांच्या कानावर पाण्याचा आवाज पडला.

"गळती आहे!"

गंगाराम म्हणाला, "बंदारा लय जुना हाय सायेब. वयानं गळतुया."

"मग बुजव! माझ्यासमोर."

गंगारामनं माझ्याकडे बघितलं. मी बंधाऱ्याच्या खांबाकडे बघितलं. बरगा खाली बसला. वर चिखल आणि पाचट कोंबलं. साहेब पार खाली उतरून बघून आले. "आता कसं! एक थेंब नाही!"

त्या वर्षी माझ्या गोपनीय अहवालात चांगला शेरा पडला : "गळती रोखण्यात विशेष प्रयत्न." तात्या भांडायला येईल म्हणून मी चार दिवस वाट बघितली. तो आलाच नाही. आला असता तर बरं झालं असतं.

*

पाण्याच्या तपासणीचाही एक आहे. वरच्या अंगाला कुठूनतरी मळीचं काळं पाणी नदीत सुटलं. कुणी सोडलं ते सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त कागदाला माहीत नव्हतं. तात्यानं त्याच दिवशी एक बाटली भरून, बूच लावून ठेवली. हुशार माणूस!

तपासणीवाले आठव्या दिवशी आले. तोवर पाणी निवळलेलं. तात्यानं आपली बाटली पुढे केली. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "आजोबा, नमुना आमच्याच बाटलीत घ्यावा लागतो. ही चालत नाही."

तात्यानं बाटली खाली ठेवली. "व्हय का? मग फुडल्या बारीला माशास्नी सांगून ठिवतो. तुमची बाटली आल्याबिगर मरू नगा म्हनून."

ते लोक हसले. त्यांनी स्वच्छ पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या आणि जेवायला कराडला गेले.

*

हा शेवटचा. तो मी मित्रांत सांगत नाही.

त्याच्या पुढच्या मे महिन्यात पुन्हा काळं पाणी आलं. या वेळी खूप होतं. बंधाऱ्याच्या वर दोन मैलांवर मेलेल्या माशांचा थर लागला. पेपरात फोटो आला. बरगे घातलेले असल्यामुळे ते पाणी वरच अडलं होतं. खालचा डोह उथळ झालेला, पण चांगला होता. त्यात मासा जिवंत होता.

दुपारी बाराला कराडहून जीप आली. लेखी ऑर्डर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! विषय : माशांसाठी पाणी सोडणेबाबत. सर्व बरगे तातडीने काढावेत.

मी बंधाऱ्यावर पोचलो तर तात्या हात जोडून उभा. "सायेब, आज नगं! काळं पानी वर आडलंय, आडू द्या. वरच्या धरनाचं पानी येऊन मिसळंस्तवर चार दिस थांबा. मग काय काडायचं ते काडा!"

मी धावत जाऊन साहेबांना फोन लावला. "साहेब, पाणी खराब आहे, चार दिवस थांबलं तर..."

"अरे, पेपरात आलंय! माशांसाठी पाणी सोडलं, असं मला पाचच्या आत वर कळवायचंय. आणि इतकी वर्षं तूच मागत होतास ना?"

परत आलो. बरगे ओढायचा आकडा गंगारामच्या हातात होता. तो म्हणाला, "तुमी नुसतं न्हाई म्हना. ह्यो आकडा आत्ता नदीत टाकतो!"

माझ्या घरी दोन लहान पोरं होती. बढतीची फाईल वर गेलेली होती. मी म्हणालो, "काढ."

दोन तास लागले. काळ्या पाण्याला फेस होता. तात्या काठावर बसून ते डोहात उतरताना बघत होता. साडेचारला मी फोन करून कळवलं. साहेब म्हणाले, "शाब्बास!"

तिसऱ्या दिवशी तात्या ऑफिसात आला. डोक्यावर घागर होती. ती त्यानं माझ्या टेबलावर, कागदांवरच ठेवली. आत वीतभर लांबीच्या दोन मरळी होत्या. तोंड वर काढून त्या हवा घेत होत्या.

"डोहात येवडी दोन ऱ्हायली," तो म्हणाला.

"तात्या, मी..."

तात्यानं पंच्याला हात पुसले.

"ह्येंच्यासाठी बरगं काडत बसू नगा, सायेब. तांब्याभर वतलं तरी जगत्यात."