टँकर येईपर्यंत

दिल्लीत निजामुद्दीन स्टेशनला गाडीतून उतरले तेव्हाच मनात धाकधूक होती. पुण्यात पाणीपुरवठा खात्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, पण देशोदेशीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांबरोबर प्रशिक्षणाला बसायची ही पहिलीच वेळ. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, मावसभावाकडे, सामान टाकलं. वहिनी म्हणाली, "ताई, बिल्कुल घाबरू नका. एसीत बसून चहा तर प्यायचाय."

प्रशिक्षण गुडगावात होतं. रस्त्याच्या एका अंगाला काचेच्या नव्याकोऱ्या इमारती, दुसऱ्या अंगाला मोहरीची पिवळी शेतं. वर्गात बोलायची पाळी आली की मी अडखळत असे. शेजारी बसणाऱ्या टांझानियाच्या नेमाबाई तेव्हा टेबलाखालून माझा हात दाबत.

एका दुपारी मानेसरचा कारखाना बघायला आमची बस निघाली. वाटेत गावातल्या बायकांनी खाटा टाकून रस्ता अडवला होता. एक दगड खिडकीवर आदळला. काच तडकली. "कोणी उतरू नका," आमचे संचालक म्हणाले. बाहेरून आरोळ्या येत होत्या. हिंदी समजणारी मीच दाराजवळ होते. दांडीला धरून उतरले. मागोमाग नेमाबाई.

डोक्यावर पदर ओढलेली एक म्हातारी पुढे आली. बोअर आटली होती, टँकर कित्येक दिवस फिरकला नव्हता.

"मैं यहाँ की अफसर नहीं हूँ, अम्मा," मी म्हटलं.

"अफसर तो सै," ती म्हणाली. (अधिकारी तर आहेस ना.) "गाड़ी जाण दो. या बैठैगी." गाडी जाऊ द्या, ही इथे बसेल, असं तिने बायकांना सांगितलं.

तेव्हा सगळ्यांकडे मोबाइल नव्हते. कारखान्यातून टँकरसाठी फोन करतो, असं सांगून संचालक बस घेऊन गेले. बस वळणाआड गेली आणि मला एका खाटेवर बसवलं. बायका खाटेभोवती काठ्या घेऊन उभ्या. नेमाबाईंना जायला मोकळीक होती. त्या माझ्या शेजारी बसून राहिल्या.

ऊन उतरलं. गारठ्यात मी कुडकुडत होते. म्हातारीने पेला पुढे केला. "पाणी कोनी. दूध पी ले." पाणी नाही, दूध पी. 'पाणी' अगदी आपल्यासारखंच म्हणाली. मी पेला तसाच हातात धरून बसले.

दिवेलागणीला टँकर आला. बायका हंडे घेऊन धावल्या. आमच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. आम्ही चालत हमरस्ता गाठला.

समारोपात माझ्या धैर्याचं कौतुक झालं. मी मान खाली घालून बसले होते. टँकर माझ्या सांगण्यावरून आला नव्हता. मला बसवून ठेवलं म्हणून आला होता.

पुण्याला परतताना गाडीत डोळा लागला नाही. माझ्याही कचेरीच्या दाराशी हंडेवाल्या बायका येतात, अर्ज देतात, मुकाट परत जातात. त्यांनी अजून कोणाला खाटेवर बसवलेलं नाही, एवढंच.