वाघळ्याचं शेवटचं पान

आमच्या घराण्यात आजवर एकच रक्तपिपासू होऊन गेला, आणि तो अमेरिकन होता.

आमचे आजोबा कोल्हारजवळच्या मिशन शाळेत मास्तर. मायदेशी परतताना तिथल्या मडमेने त्यांना पुस्तकांची एक पेटी दिली. पेटीत गायनाची पुस्तकं, शिवणकामाचं एक पुस्तक आणि (कसं कोण जाणे!) एक जुनंपुराणं कॉमिक. त्यात पँटवरून चड्डी घातलेला एक हिरो होता, पण माझा जीव जडला तो खलनायकावर! वटवाघळासारखा झगा, लांब सुळे आणि माणसांच्या मानेतलं रक्त पिऊन तरुण राहायची हौस. या गड्याला अमेरिकेतही कुणी ओळखत नसावं. मी सगळं इंटरनेट पालथं घातलं, कुठे मागमूस नाही. आजीने त्याचं नाव ठेवलं वाघळ्या. दुःख एकच, कॉमिकचं शेवटचं पान गायब होतं. वाघळ्या मेला की निसटला, या काळजीत मी पस्तिशी गाठली. (माझ्या लग्नाची काळजी घरचे करत होते.)

गेल्या मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीला, रूथला, बघायला पाहुणे यायचे होते. मुलगा आशिष, सुप्याच्या एका कंपनीत इंजिनिअर. दोघांचं आधीच जुळलं होतं. प्रश्न होता तो त्याच्या आईच्या होकाराचा. बाई नगरच्या, रिटायर्ड मेट्रन! त्यांच्यापुढे म्हणे डॉक्टरसुद्धा सरळ उभे राहत.

"दादा," रूथने हात जोडले, "तू फक्त गप्प बस. माझ्या जन्माचा प्रश्न आहे. आणि त्या वाघळ्याचं नाव काढायचं नाही!"

"वचन!" मी म्हणालो.

पाहुणे आल्यावर ते अकरा मिनिटं टिकलं. आई मेट्रनबाईंना परसातला शेवगा दाखवायला घेऊन गेली, रूथ चहा टाकायला आत गेली आणि बीटचा हलवा खाता खाता आशिष म्हणाला, "रूथ सांगत होती, तुमच्याकडे जुनं कॉमिक आहे म्हणे?"

आता पाहुण्याने विचारल्यावर गप्प बसणं बरं दिसतं का? मी तोंडात हलव्याचा मोठा घास कोंबला आणि धावत जाऊन कॉमिक आणलं. दोन पानं चाळली आणि त्याचे डोळे चमकले!

"दादा, हा काय भारी आहे! पण उडतो कसा?"

उभ्या आयुष्यात मला हे कुणी विचारलं नव्हतं! मी दाराचा नवाकोरा मरून पडदा खेचला. दांडीही खाली आली. येऊ दे! पडदा गळ्याला बांधून मी दिवाणावर चढलो.

"असा! हात पसरून!"

"आणि रक्त?"

"मागून येऊन!" असं म्हणत मी झेप घेतली, आशिषवर झगा टाकला आणि त्याच्या मानेला दात लावले. (हळूच लावले होते हो!)

नेमक्या तेव्हाच मेट्रनबाई दारात!

मी पळायला गेलो, पडद्यात पाय अडकला आणि थेट त्यांच्या पायाशी लोटांगण. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी माझा जबडा धरला.

"तोंड उघड. जीभ बाहेर."

लालभडक जीभ बघून आईने डोळ्यांना पदर लावला. बाईंनी वास घेतला.

"बीट आहे. आशिष, मान दाखव. हं, दात उमटलेत. हे असं नेहमी करतात?"

रूथ चहाचा ट्रे घेऊन उभी होती. डोळे भरलेले. "दादा, तुला एकच काम सांगितलं होतं," एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मेट्रनबाईंनी खाली पडलेलं कॉमिक उचललं आणि चष्मा लावला. एक पान उभ्यानेच वाचलं, दुसरं खुर्चीत बसून. चहा गार झाला तरी त्यांचं वाचन थांबेना.

"पुढचं पान?"

"नाही," मी पुटपुटलो. "हरवलंय."

"हरवलंय म्हणजे? मग त्या मेल्याचं झालं काय? मला आता झोप लागायची नाही!"

बाईंचा चढलेला आवाज ऐकून आई घाबरली आणि बोलून गेली, "आवो बाई, हरवलं न्हाई त्ये. यानंच खाल्लंय!"

"मी?"

"दोन वर्साचा हुतास. चहात बुडवून खाल्लंस, खारीवानी! मोठेपनी त्याच पानापायी रडाया लागलास, मग मला सांगवंना."

मेट्रनबाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"मुलगी पसंत आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "फक्त लग्नात याला पहिल्या पंगतीला बसवा. उपाशी ठेवू नका!"

रूथ हसत होती आणि रडतही होती. आशिष मान चोळत होता. मी अजून पडद्यातच गुंडाळलेला होतो. हिरोला वाघळ्या आवरला की नाही, देव जाणे. मी मात्र त्याला दुसऱ्या वर्षीच चहाबरोबर फस्त केलं होतं, आणि पुढची तीस-बत्तीस वर्षं जगभर शोधत होतो!