वारा फिरल्यावर उठणे

माघ, १९६४. सोमवार. मिरचीची पथारी, म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं रान. हजर: मुकादमीण, पंधरा वर्षांची मुलगी, तिची आई, आणि मधल्या सुट्टीत बोलावणं आल्यामुळे धावत गेलेली मी, तिची शाळेतली बाई.

मुलीचे डोळे सुजून बंद झाले होते. हात मात्र देठ खुडत होते.

देठ खुडणाऱ्या बाया वाऱ्याकडे पाठ करून बसतात. वारा फिरला की कोणी कोणाला सांगत नाही. सगळ्या उठतात आणि ढिगाच्या दुसऱ्या अंगाला जातात. ही उठली नाही. तिखट तोंडावर घेत बसून राहिली.

"पोर शे का जमीनमा गाडेल खुटा?" मुकादमीण म्हणाली.

"खुटा शे," आई म्हणाली, "पन तिन्हा ढीगमा एक बी देठ ऱ्हास नही."

दोन्ही खरं होतं, आणि दोन्हीला कारण मी.

पहिलीत ही बोलत नसे. घंटा वाजली की कान दाबून पळायची, रस्त्यापर्यंत. अशा मुलांना आमच्याकडे 'वेडी' हा एकच शब्द. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, घरी पाठवा. मी खिडकीजवळ खडूने चौकोन काढला. ही तुझी जागा, मी सांगेपर्यंत सोडायची नाही. ती बसली. तिथेच चिंचोके निवडले, अंक शिकली, नाव लिहू लागली. मी वहीत बरोबरची खूण केली आणि पुढच्या कामाला लागले.

पथारीवर काम मिळवून दिलं तेव्हाही यादी केली: डोक्याला फडकं, पाण्याचा तांब्या, घरून येण्याची वाट, बसायची जागा. जागेला चार दगड मीच मांडले. वारा यादीत नव्हता.

मुकादमीण वाईट बाई नाही. "आठ दिन देखस, बाई. मंग ठेवाव नही. डोया गयात तर लोके मालेच इचारतीन."

आईने मुलीचे डोळे धुतले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "चौकोन तुम्हीच काढेल शे, बाई. आते तुम्हीच पुसा."

मंगळवारी ढिगाच्या पलीकडेही चार दगड मांडले. मी हाताला धरून नेलं, तर आली. बुधवारी काठीला लाल चिंधी बांधली, वारा दिसावा म्हणून. तिने चिंधी सोडून नीट घडी घालून दिली. गुरुवारी शेजारची बाई तिला 'ऊठ माय' म्हणाली; तिने माझ्या शाळेच्या दिशेने पाहिलं आणि बसून राहिली. शुक्रवारी वारा फिरलाच नाही. तो दिवस फुकट गेला.

आज शनिवार, सकाळची शाळा. दुपारी मी पथारीच्या कुंपणाआड उभी राहिले, तिला दिसणार नाही अशी. वारा फिरला. बाया उठल्या. तिने हात थांबवला, पलीकडच्या दगडांकडे पाहिलं, आणि पुन्हा देठ घेतला. मग मला जाऊन तिला हाताला धरून उठवावंच लागलं.

दोन दिवस उरले. वहीत एकच ओळ खुणेविना आहे: मी नसताना उठणे.