थंड राहिलेली तिसरी नळी

निजामाच्या राजवटीत बीड ते पाटोदा आमची एक जुनी मोटार चालायची. चालायची म्हणजे वाटेतल्या लिंबागणेश गावापर्यंत. पुढच्या चढावर तिला उचकी लागे आणि उतारू खाली उतरून ढकलू लागत. माझे यजमान त्यांना सांगत, तेवढेच पाय मोकळे होतात. तहसीलदार साहेबांना पाय मोकळे करायचे नव्हते. दोनदा ढकलून झाल्यावर त्यांनी बजावलं, पुन्हा ढकलावी लागली तर परवाना दुसऱ्याला. रान विकून ही मोटार घेतलेली. परवाना गेला असता तर मला दुसऱ्याच्या रानात खुरपायला जावं लागलं असतं.

मिस्त्रीने प्लग बदलले, तारा बदलल्या, कार्बोरेटर तीनदा धुतला. बीडमध्ये त्याच्यासमोर गाडी पाहुण्यांपुढच्या सुनेसारखी गुणी वागे. ड्रायव्हरचा उपाय निराळा. लिंबागणेशाला तो इंजनाच्या झाकणावरच्या मधल्या लोखंडी पट्टीवर नारळ फोडी. चढावर गाडी अडली की पुढच्या खेपेला दोन.

"लई जुनं इंजन हाय वैनी, देवावरच चाललंय."

"मग चढावर देवालाच ढकलायला सांगा."

शेवटी मिस्त्रीला घेऊन मीच गाडीत बसले. चढावर उचकी सुरू झाली तशी गाडी थांबवायला लावली. इंजन चालूच ठेवून झाकण उघडलं आणि धूर बाहेर जायच्या चारही नळ्यांवर पाण्याचे थेंब उडवले. तवा तापला का, हे आम्ही असंच बघतो. मिस्त्रीला हसू आवरेना.

"बाई, हे इंजन हाय, चूल न्हाई."

"बरं झालं. चूल असती तर तुमच्या हाती दिलीच नसती."

तीन नळ्या चुरचुरल्या. पुढून तिसरी गप्प, म्हणजे तिथे आग पेटतच नव्हती. इंजन बंद करून तिच्यावरच्या प्लगवर बोट फिरवलं. ओलं, चिकट. जिभेला लावलं तर गोड. वर पाहिलं, तर झाकणाच्या पट्टीला नेमकी तिथेच नारळांनी फट पाडलेली. नारळाचं पाणी थेट प्लगवर, मग ठिणगी कुठली पडणार? बीडला परतेपर्यंत ते वाळून जाई आणि मिस्त्रीला काही सापडत नसे.

मिस्त्रीचं हसू थांबलं. ड्रायव्हर मात्र हादरला.

"नारळ बंद केला अन् देव कोपला मंजी?"

"बंद कर कोण म्हणालं? देवाच्या डोक्यात नारळ घालतोस का? पायाशीच फोडतोस ना? मग मोटारीच्याही चाकाशी फोड."

हे त्याला लगेच पटलं. प्लगला पाणी लागतं, हे काही पटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात साहेब बसले. लिंबागणेशाला चाकाशी नारळ फुटला आणि गाडी एका दमात चढ चढून गेली. पाटोद्याला उतरताना साहेबांनी मिस्त्रीची पाठ थोपटली. परवाना राहिला. ड्रायव्हरने नवस फेडला, यजमानांनी मिस्त्रीला फेटा बांधला. माझ्या वाट्याला नारळाचं खोबरं आलं. त्याची चटणी केली आणि फेटा बांधून जेवायला बसलेल्या मिस्त्रीला दोन मिरच्या जास्तीच्या घालून वाढली.