मग-पुढं सर

आमच्या सरांना कुठं थांबायचं ते माहीतच नव्हतं. तुम्ही काहीही सांगा, ते मान वाकडी करून विचारणार, "मग? पुढं?" आमच्या तालुक्याच्या गावी, वाशीच्या कॉलेजात सगळे त्यांना मग-पुढं सरच म्हणायचे. शिकवायचे समाजशास्त्र, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असेल तोवर नोकरी, उन्हाळा लागला की घरी.

पहिल्याच तासाला ते एकेकाला उभं करून विचारायचे, घरी कोण काय काम करतं? मी तेरखेड्याची, घरोघरी फटाके बनवणाऱ्या गावची. ठणकावून सांगितलं, "वडील शेती करतात. आई काही करत नाही, घरीच असते."

"मग? फटाक्यांना वाती कोण लावतं?"

"आईच की. पण ते बसल्या बसल्या."

"पुढं? भाकरी? म्हशीची धार?"

वर्ग नुसता खिदळत होता. माझे कान तापले. घरी जाऊन सांगितलं तर आईच भडकली. "तुज्या सराला दुसरं काम न्हाय व्हय?" म्हणाली.

काम कसं बदलतं, हे सर गावातली उदाहरणं देऊन शिकवत. मळणीयंत्र आलं, मग खळ्यावरची माणसं कुठं गेली? "काम गेलं की माणूस तोंड लपवतो," ते चिडून म्हणायचे, "जणू यानंच चोरी केली! अरे, कामाचं काय झालं ते बघा की आधी." आणि तावातावानं शर्टाच्या बाहीनंच फळा पुसायचे.

पुढं मी प्राध्यापकाची पात्रता परीक्षा पास झाले. सरांची ती दोन कॉलेजांच्या धावपळीत राहूनच गेली होती. आमच्या कॉलेजात कायम जागा निघाली, तेव्हा फोनही त्यांनीच केला. "अर्ज कर, येडे. माझं त्यात बसत न्हाय."

जागा मला मिळाली, सरांचे तास बंद झाले; दुसऱ्या कॉलेजातले आधीच गेले होते. पेढे घेऊन तेच आले. मला तर त्यांच्याकडं धड बघवेना.

"सर, आता तुम्ही..."

"मला काय धाड भरलीय? दोन नंबरचा पंखा लावू नको, लई खडखडतो. मागच्यांना ऐकू जात न्हाय. आणि आमची पोरगी यंदा तुझ्याच वर्गात येतीय."

मी काही वाईट केलेलं नाही, हे कळतं मला. सरांनीच शिकवलंय. पण लाज वाटायची ती वाटतेच. कॉलेज सुरू व्हायच्या आधी आठवडी बाजारात ते समोरून येत होते. मला पाहिलं आणि झटकन बोळात वळले. तेच सर! मीही हाक मारली नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं, याचीच जास्त शरम वाटते.

पहिल्या तासाला मी पंखा बंद ठेवला. प्रश्न सरांचाच विचारला, मला दुसरी सुरुवात येतच नाही. त्यांची मुलगी उठली. बाकाकडं बघत म्हणाली, "आई ब्लाऊज शिवते. पप्पा काही करत नाहीत, घरीच असतात."

पुढचे दोन शब्द माझ्या ओठांवर होते. ती मान वर करून माझ्याकडं बघायला लागली.

"बस," मी म्हणाले.